गर्भवतीची कावीळ

काविळीच्या रोग्याला सगळे जग पिवळे दिसते, असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात तसे काही होत नाही. कावीळ झालेल्या माणसाला जग पूर्वीसारखेच दिसते. पिवळा दिसतो तो स्वतः, आणि तोही इतरांना. काविळीबद्दलच्या अशा कितीतरी समजुती आपल्या बोलण्यात आणि वागण्यात मुरलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा निरुपद्रवी आहेत. एक मात्र जिवावर बेतणारी आहे. 'कावीळ ना? पथ्य पाळा, महिन्याभरात उतरेल' ही ती समजूत. शंभरातल्या नव्व्याण्णव रोग्यांच्या बाबतीत ती खरी ठरते, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. उरलेल्या एकात कोण असते, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पिवळा रंग येतो कोठून?

कावीळ हा रोग नसून लक्षण आहे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणजे दररोज साधारण एक टक्का पेशी जुन्या होऊन मोडीत निघतात. त्यांतील हिमोग्लोबिनचे विघटन होताना बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते, पाण्यात विरघळेल अशा रूपात बदलते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तरसात बिलिरुबिन एक मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ते अडीच-तीन मिलिग्रॅमच्या वर गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो.

बिलिरुबिन साचण्याची कारणे अनेक आहेत. तांबड्या पेशी फार वेगाने फुटणे, पित्तनलिकेत खडा अडकणे, औषधांनी किंवा दारूने यकृताला इजा होणे ही त्यांपैकी काही. आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे विषाणूंमुळे होणारा यकृतदाह, म्हणजेच हिपॅटायटिस. या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. बी, सी आणि डी हे रक्तावाटे, दूषित सुयांवाटे, शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला होतात. ए आणि ई हे मुख्यतः विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. पावसाळ्यात गावात किंवा वस्तीत एकाच वेळी अनेकांना कावीळ होते, तेव्हा संशयित बहुधा या दोघांपैकीच एक असतो.

ए आणि ई यांचा मार्ग एक असला तरी स्वभाव वेगळा आहे. ए विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठतो, आणि लहान मुलांत त्याची लागण अनेकदा कावीळ न होताच निघून जाते. ई विषाणू तरुणांना धरतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने १९८२ आणि १९९२ अशा दोन वर्षांत पुण्यातील लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली. ई विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे लहान मुलांत क्वचित आढळली. तरुण वयात हे प्रमाण वाढत गेले, तरी ते निम्म्यापर्यंत पोहोचले नाही. याचा अर्थ असा, की आपल्याकडील पुष्कळ मुली ज्या वयात आई होतात त्या वयापर्यंत त्यांची या विषाणूशी गाठ पडलेली नसते. ती पहिल्यांदा पडते ती कधीकधी गरोदरपणात.

दिल्लीची साथ

या विषाणूची भारतातली पहिली सुस्पष्ट नोंद त्याला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीची आहे. १९५५ साली यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीचे पात्र सरकले आणि नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्यातील सांडपाणी वजिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे आले. शुद्धीकरण केंद्रातील लोकांच्या ते ध्यानात आले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यानंतर सुमारे पाच-सहा आठवड्यांनी दिल्लीत काविळीची साथ उसळली. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात अंदाजे २९,३०० लोकांना कावीळ झाली.

या साथीतील दोन गोष्टी विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली ही, की त्या काळात दिल्लीत विषमज्वर किंवा हगवण वाढली नाही. वाढवलेल्या क्लोरीनने जीवाणू मारले होते, काविळीचा विषाणू मात्र त्यातून निसटला. दुसरी गोष्ट डॉ. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवली. एरवी सौम्य वाटणारी ही कावीळ गर्भवती स्त्रियांत फार उग्र रूप धारण करीत होती आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते.

त्या वेळी हा आजार ए विषाणूचा समजला गेला. ए विषाणू ओळखण्याची रक्ततपासणी १९७० च्या दशकात हाती आली, तेव्हा जुन्या प्रश्नाचा उलगडा करण्याची संधी मिळाली. दिल्लीच्या आणि १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथीतील रोग्यांचे रक्तरस जपून ठेवलेले होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेतील डॉ. श्रीनिवासन, डॉ. खोरशेद पावरी आदींनी मिळून ते तपासले आणि १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. या साथी ए विषाणूच्या नव्हत्या आणि बी विषाणूच्याही नव्हत्या. कोणी तिसराच गुन्हेगार होता.

काश्मीरमधील आकडे

त्याच सुमारास काश्मीरमध्येही हीच शंका बळावली होती. १९७८-७९ च्या हिवाळ्यात खोऱ्यातील सुमारे दोनशे गावांत काविळीची प्रचंड साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून घरोघरची पाहणी केली. त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेले आकडे असे आहेत. पाहणी केलेल्या गर्भवतींपैकी १७.३ टक्क्यांना कावीळ झाली होती. गर्भवती नसलेल्या, मूल होण्याच्या वयातील स्त्रियांत हे प्रमाण २.१ टक्के, तर त्याच वयाच्या पुरुषांत २.८ टक्के होते. कावीळ झालेल्यांपैकी किती जणांचे यकृत निकामी झाले, हा पुढचा प्रश्न. गर्भवतींत २२.२ टक्के, पुरुषांत २.८ टक्के, आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत एकही नाही.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या पाहणीत कावीळ झालेल्या गर्भवतींची संख्या छत्तीसच होती, आणि छोट्या संख्येवरून काढलेली टक्केवारी डळमळीत असते. गर्भवतींना लागणच अधिक होते, हा निष्कर्ष पुढच्या सर्व अभ्यासांत सारखा टिकलेला नाही. आजार उग्र होण्याचे प्रमाण मात्र साथीमागून साथीत तसेच दिसत आले. जागतिक आरोग्य संघटना आज असे सांगते, की गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ई विषाणूची कावीळ झाली तर शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात.

पुढे १९८३ साली मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातील आजारी सैनिकांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः पिऊन पाहिला. ए विषाणूची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात आधीच होती, त्यामुळे तो आजार होण्याची शक्यता नव्हती. छत्तिसाव्या दिवशी त्याला कावीळ झाली आणि त्याच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. पुण्याच्या संस्थेतही असेच कण टिपले गेले आणि तो निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी याच संस्थेने आणखी एक अभ्यास छापला. तो १९८१ मधील कोल्हापूर शहरातील काविळीच्या साथीचा होता. ती साथही पाण्यातून पसरलेली आणि ए किंवा बी विषाणूची नसलेली निघाली. १९९० साली विषाणूच्या जनुकीय द्रव्याची ओळख पटली आणि त्याला हिपॅटायटिस ई हे नाव कायम झाले. सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा हा कण आहे. एका मिलिमीटरमध्ये असे तीस हजारांहून अधिक कण ओळीने मावतील. त्यात सुमारे ७,२०० अक्षरांची आरएनएची एकच साखळी असते.

गर्भवतीवरच घाला का?

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. त्याचे तुकडे मात्र हाती आले आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला तुकडा प्रतिकारशक्तीचा. गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने तो अर्धा परका असतो. त्याला परका समजून हाकलून देऊ नये म्हणून आईची प्रतिकारव्यवस्था आपला तोल बदलते. संसर्ग झालेल्या पेशींवर थेट हल्ला करणारा तिचा भाग काहीसा मवाळ होतो. विषाणू पेशींच्या आत राहतात, त्यामुळे हा मवाळपणा त्यांच्या पथ्यावर पडत असावा.

दुसरा तुकडा संप्रेरकांचा. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. ही संप्रेरके यकृतातील पेशींचा आणि प्रतिकारक पेशींचा विषाणूला दिला जाणारा प्रतिसाद बदलतात, असे पुरावे आहेत. ई विषाणूमुळे यकृत निकामी झालेल्या गर्भवतींत विषाणूची संख्या अधिक असल्याचे भारतातील अभ्यासांत दिसले आहे.

तिसरा तुकडा वारेचा. आई आणि गर्भ यांना जोडणारी वार, म्हणजे नाळेचे आईकडील मूळ, हे या विषाणूच्या वाढीचे ठिकाण होऊ शकते. तसे झाले तर रोगाचा अड्डा यकृतापुरता राहत नाही.

चौथा तुकडा विषाणूच्या प्रकाराचा. ई विषाणूचे माणसाला बाधणारे चार मुख्य प्रकार आहेत. पहिला आणि दुसरा फक्त माणसांत आढळतात. तिसरा आणि चौथा मुख्यतः डुकरांसारख्या प्राण्यांत असतात आणि अधूनमधून माणसाला होतात. भारतातील माणसांच्या साथी पहिल्या प्रकाराच्या असतात. येथील डुकरांत मात्र चौथा प्रकार आहे, असे पुण्याच्या संस्थेनेच २००२ साली दाखवले. युरोपात माणसांना होणाऱ्या तिसऱ्या प्रकारात गर्भवतींचे असे मृत्यू दिसत नाहीत. प्रयोगशाळेत पहिल्या प्रकाराचा विषाणू वारेच्या ऊतींत तिसऱ्यापेक्षा अधिक जोमाने वाढतो, असे २०१८ साली आढळले.

या चारही तुकड्यांना न जुमानणारे एक उदाहरण इजिप्तचे आहे. तेथील ग्रामीण भागात बहुसंख्य गर्भवतींच्या रक्तात ई विषाणूची प्रतिपिंडे सापडतात, तरीही आपल्यासारखे मृत्यू तेथे नोंदले गेलेले नाहीत. बहुधा लहानपणीच लागण होऊन गेल्यामुळे, किंवा तेथील विषाणू वेगळा असल्यामुळे असे होत असावे. आणखी एक निरीक्षण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे आहे. तेथील डॉक्टरांनी वीस वर्षांतील रोग्यांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध केला. यकृत पूर्ण निकामी झाल्यावर गर्भवती आणि इतर यांच्या मृत्यूच्या प्रमाणात त्यांना फारसा फरक आढळला नाही. म्हणजे गरोदरपणाचा खरा परिणाम त्या टोकापर्यंत पोहोचण्याच्या शक्यतेवर होत असावा. एकदा तेथे पोहोचल्यावर सारेच सारखे असहाय असतात. म्हणून तेथे पोहोचू न देणे महत्त्वाचे.

बाळंतपणात काय घडते?

यकृत निकामी होणे म्हणजे काय, हे त्याची कामे आठवली की कळते. आतड्यातून येणारी विषारी द्रव्ये, विशेषतः अमोनिया, यकृत नष्ट करते. ते थांबले की ही द्रव्ये मेंदूपर्यंत जातात. रोगी आधी चिडचिडा किंवा सुस्त होतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, बोलण्यात असंबद्धता येते आणि अखेर बेशुद्धी येते. रक्तातील साखर स्थिर ठेवणेही यकृताचेच काम. ते थांबले की साखर अचानक घसरते. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात, आणि त्यांतील काहींचे आयुष्य काही तासांचेच असते. त्यामुळे यकृत बंद पडल्याचा परिणाम रक्त गोठण्यावर एका दिवसात दिसू लागतो.

आता याच वेळी प्रसूती झाली तर काय होईल ते पाहा. वार सुटल्यावर गर्भाशयाच्या आतील बाजूला एक मोठी उघडी जखम राहते. एरवी गर्भाशय आकुंचन पावते, रक्त गोठते आणि स्राव आटोक्यात येतो. येथे रक्त गोठतच नाही. अशा स्त्रीला प्रसूतीनंतर न थांबणारा रक्तस्राव होऊ शकतो. पुष्कळदा प्रसूती दिवस भरण्याआधी होते, आणि काही वेळा मूल पोटातच दगावते. विषाणू आईकडून गर्भाकडे जाऊ शकतो. अशा बाळांत जन्मतः यकृतदाह, साखर कमी होणे आणि अंग थंड पडणे या तक्रारी आढळल्या आहेत. मुद्दाम लवकर प्रसूती घडवून आणल्याने आईचे यकृत सुधारते, असा पुरावा नाही. या विषाणूवर गरोदरपणात देता येईल असे खात्रीचे औषधही नाही. जे करता येते ते म्हणजे रक्त, साखर, क्षार यांचा तोल सांभाळत शरीराला सावरण्याची उसंत देणे, आणि ते सुसज्ज रुग्णालयातच शक्य असते.

गर्भवतीच्या प्रत्येक काविळीमागे ई विषाणू असतो असे मात्र नाही. गरोदरपणात पित्त साचून अंगाला खाज सुटते आणि कधी सौम्य कावीळ होते. रक्तदाब वाढण्याच्या विकारात यकृताला इजा होते. दहा हजारांत एखाद्या गर्भवतीच्या यकृतात एकाएकी चरबी साचते. यांपैकी काहींत तातडीने प्रसूती करणे हाच उपाय असतो, म्हणजे ई विषाणूच्या अगदी उलट. डोळे पाहून हा फरक कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी रक्ताची तपासणीच लागते.

माळ, चुना आणि सरासरी

आपल्याकडे कावीळ झाली की पहिली धाव अनेकदा 'कावीळ उतरवणाऱ्या'कडे असते. तो गळ्यात किंवा डोक्यावर एक छोटी माळ घालतो. माळ दिवसेंदिवस लांबत जाते, तशी कावीळ उतरते असे मानतात. ही माळ ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवून केलेली असते. काड्या वाळून आक्रसतात, गाठी ढिल्या होतात आणि दोरा मोकळा होतो. ती निरोगी माणसाच्या गळ्यातही तितकीच लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते. दुसरा प्रकार चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा. पाणी पिवळे होते आणि कावीळ बाहेर पडली असे वाटते. हातांना आधी एखाद्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, आणि त्यातील रंगद्रव्य अल्कधर्मी चुन्यात पिवळे होते. हळद चुन्याने लाल होते, त्याच जातीची ही किमया.

तरीही लोक शपथेवर सांगतात, की आमची कावीळ त्यानेच गेली. ते खोटे बोलत नसतात. ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांत चार ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगावर कोणताही उपाय गुणकारीच ठरतो. याचे गणित वर्गात मांडून पाहण्याजोगे आहे.

समजा, एका गावात १,००० लोकांना कावीळ झाली आणि त्यांत २५ गर्भवती आहेत. उरलेल्या ९७५ जणांत हजारी पाच या प्रमाणात मृत्यू होतात असे मानू. म्हणजे सुमारे ५ मृत्यू. गर्भवतींत मृत्यूचे प्रमाण २० टक्के धरू. म्हणजे तेथेही ५ मृत्यू. एकूण मृत्यू १०, म्हणजे एक टक्का. माळ घालणारा सांगेल, 'माझ्याकडे आलेल्या हजारांतले ९९० बरे झाले.' त्याचे विधान खरे आहे. पण मेलेल्यांतील निम्म्या त्या पंचवीस जणींतल्या आहेत, हे त्या एक टक्क्यात कोठेच दिसत नाही. सगळ्यांची एकत्र सरासरी काढली की ज्यांना सर्वाधिक धोका आहे त्या अदृश्य होतात. 'कोणाला?' हा प्रश्न प्रत्येक सरासरीला विचारावा, एवढे जरी विद्यार्थी या उदाहरणातून शिकले तरी पुष्कळ झाले.

माळेने इजा होत नाही. माळेच्या भरवशावर घालवलेले चार-पाच दिवस घातक ठरतात. तीच गोष्ट कडक पथ्याची. तेल, तूप, हळद, वरण बंद करून गर्भवतीला जवळजवळ उपाशी ठेवले जाते, आणि यकृत आधीच साखर सांभाळू शकत नसताना ही उपासमार भर घालते. उसाचा रस काविळीवर औषध म्हणून आवर्जून पाजला जातो. उसात दोष नाही, पण रस्त्यावरच्या गुऱ्हाळातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोण विचारतो? ज्या पाण्याने रोग आला तेच पाणी औषध म्हणून परत येऊ शकते.

पंचगंगेपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

कोल्हापूर शहरातील १९८१ च्या साथीचा उल्लेख वर आला आहे. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१२ च्या मध्यास, त्याच जिल्ह्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेच्या काठचे हे यंत्रमागांचे शहर. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले, आणि विषाणू पुन्हा ई हाच निघाला. या तीस वर्षांत विषाणूचे नाव कळले, त्याच्या जनुकांचा नकाशा तयार झाला, रक्ततपासणी आली. नदीत सांडपाणी सोडणे मात्र थांबले नव्हते.

नदीकाठच्या गावांपुरताच हा प्रश्न आहे असे शहरातल्यांनी समजू नये. आमच्या बोरीवलीला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलाव आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांतील हा सर्वांत छोटा, १८७९ सालचा. दर पावसाळ्यात तो भरल्याची बातमी आपण आनंदाने वाचतो. पण तलावाचे पाणी आणि पेल्यातले पाणी यांच्यामध्ये शुद्धीकरण केंद्र, मैलोगणती नळ, इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी एवढे टप्पे असतात. उपनगरांत नळाला पाणी ठरावीक तासच येते. पाणी बंद झाले की नळातील दाब उतरतो, आणि नळाला बारीक चीर असेल तर आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते तेव्हा पहिला लोट तेच घेऊन येतो. जमिनीखालच्या टाकीचे झाकण नीट बसत नसेल तर उरलेले काम पावसाळा करतो.

अशा वेळी पाण्याची तपासणी केली आणि 'पाणी पिण्यास योग्य' असा दाखला मिळाला, तरी दिल्लीची आठवण ठेवावी. नेहमीची तपासणी ई. कोलाय या जीवाणूचा शोध घेते. तो सापडला तर पाणी निश्चित दूषित. न सापडला तर विषाणूही नाही असे म्हणता येत नाही. विष्ठेच्या कणांत दडलेले विषाणू क्लोरीनला जीवाणूंपेक्षा अधिक दाद देत नाहीत. त्यामुळे गढूळ पाण्यात नुसते क्लोरीन ओतणे पुरत नाही. आधी पाणी गाळून स्वच्छ करणे, मग क्लोरीन आणि त्याला पुरेसा वेळ, हा क्रम पाळावा लागतो. घरगुती पातळीवर सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे. पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे.

लसीची चौकशी हमखास होते. ई विषाणूविरुद्धची एक लस चीनमध्ये २०११ साली मान्य झाली आणि २०२२ साली दक्षिण सुदानमधील बेंटिऊच्या छावणीत साथ रोखण्यासाठी प्रथमच वापरली गेली. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. ए आणि बी विषाणूंच्या लसी ई पासून संरक्षण देत नाहीत. म्हणून आपल्याकडे गर्भवतीचे संरक्षण पाण्यापाशीच होते.

येथे आपल्या एका रीतीचा विचार करावासा वाटतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि मुलगी माहेरी येते. म्हणजे गरोदरपणाच्या नेमक्या धोक्याच्या तिमाहीत तिचे पिण्याचे पाणी बदलते. समारंभात शंभर माणसांसाठी केलेले सरबत, बर्फ, उघड्यावरची फळे यांतून ती बिनदिक्कत खाते-पिते. लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा आठवडे जातात, म्हणजे आजार नवव्या महिन्यात उमटतो. रीत मोडायला नको. माहेरपणात तिच्यासाठी उकळलेले पाणी वेगळे ठेवावे, एवढी भर घातली तरी पुरे.

शाळेत काय करता येईल?

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो, ती एक हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम. ती पुरेशी पडली की नाही हे पाहण्यासाठी ओ. टी. चाचणी करतात. नळाच्या पाण्यात ओ. टी. द्रावणाचे थेंब टाकले असता पाणी पिवळे झाले तर क्लोरीन उरलेले आहे. एका लिटरमध्ये निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत उरले पाहिजे. जलसुरक्षकाला शाळेत बोलावून ही चाचणी मुलांना दाखवावी. हे द्रावण विषारी आहे, त्यामुळे मुलांनी ते हाताळू नये आणि तपासलेले पाणी ओतून द्यावे. गावाच्या पहिल्या नळाचे आणि शेवटच्या नळाचे पाणी शेजारी ठेवून रंग ताडून पाहिला, तर नळाची गळती कोठे असावी याचाही अंदाज येतो. काविळीची माळ वर्गात तयार करून खुंटीला टांगणे आणि रोज तिची लांबी मोजून आलेख काढणे, हा दुसरा प्रयोग.

आणि एक निरोप मुलांकरवी घरोघर पोचवावा. घरातील किंवा शेजारच्या गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द पिवळी झाली, उलट्या थांबत नाहीत किंवा अन्नाची शिसारी आली, तर त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्यावे. ती गुंगीत वाटली, बरळू लागली किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर गावातला दवाखाना न शोधता थेट मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. आठवी-नववीतल्या मुलीला हे माहीत असेल, तर घरातली वडीलधारी मंडळी 'उतरेल महिन्याभरात' म्हणतील तेव्हा 'ताईची नाही उतरायची, तिला आजच न्या' असे सांगणारे निदान एक माणूस त्या घरात असेल.